लिहिणाऱ्याची जागा

१

केजच्या तहसील कचेरीला लागून एक एसटीडी बूथ आहे. त्याच्या भिंतीच्या सावलीत माझं टेबल असतं. सावली सरकेल तसा मीही टेबल घेऊन सरकतो. अर्ज लिहितो, प्रतिज्ञापत्रं लिहितो, पण तालुक्यात माझी ओळख म्हणजे वंशावळीवाला मुन्शी. वडील पटवारी होते. त्यांनी मला मोडी शिकवली आणि उर्दू वाचायला लावलं, त्यामुळं निजामाच्या काळातला कुठलाही कागद फिरून फिरून शेवटी माझ्यापुढंच येतो.

या धंद्यानं मला एकच शहाणपण दिलं. कुणावर विश्वास ठेवायचा नाही. जमिनीपायी माणसं जिवंत चुलत्याला मारतात आणि मेलेल्याला उठवून उभा करतात, हे मी तीस वर्षं पाहतोय. मी ताकही फुंकून पितो असं माझी बायको वत्सला म्हणते, आणि ते खरं आहे.

घरात आम्ही तिघं. मी, वत्सला आणि मंगल. मंगल दहावीला होती. मुलगा नाही म्हणून माझे सख्खे भाऊ तोंडावर म्हणायचे, मुन्शी जगाचे वंश लिहितो आणि स्वतःचा बुडवून बसलाय. चौऱ्याण्णवला वडिलार्जित जमिनीत मुलींना वाटा देणारा कायदा झाला, तेव्हा मी आमच्या घरची वंशावळ नव्यानं काढली आणि माझ्या नावाखाली लाल शाईनं 'मंगल' असं लिहिलं. तो कागद मी कुणाला दाखवला नाही. ट्रंकेत ठेवला. पण भावांनी टोमणा मारला की मला तो आठवायचा आणि बरं वाटायचं.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यावर, युसूफ वडगावचा बसवराज माझ्या टेबलापाशी आला. लिंगायत वाणी, गावात किराणा दुकान, वय पंचावन्नच्या आसपास. गावाबाहेरचा रस्ता रुंद होणार होता आणि त्यात त्यांच्या घराण्याच्या समाध्यांची जागा जाणार होती. जागा घराण्याचीच आहे हे दाखवायला मूळ पुरुषापासूनची वंशावळ पाहिजे होती.

"कागद हायेत का?" मी विचारलं.

"तीन हायेत. पर आमच्यात कुनालाच वाचता येत न्हाई," तो म्हणाला. "तुमी घरीच या. कागद भाईर काडत न्हाईत आमी."

२

दुकानामागं लांबट माजघर होतं. एका बाजूला तेलाचे डबे, दुसऱ्या बाजूला टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल. बसवराज, त्याचा धाकटा भाऊ केदारनाथ आणि त्यांची म्हातारी आई महादेवीबाई तिघंही माझ्यासमोर बसली. केदारनाथची दहा वर्षांची पोरगी शिवांजली दारात उभी राहून मला न्याहाळत होती.

कागद भगव्या फडक्यात होते. सर्वांत जुना फसली १२६८चा, म्हणजे अठराशे अठ्ठावन्नचा. त्याच्या घड्या चिकटल्या होत्या, तो उलगडायला वेळ लागणार होता. म्हणून मी दुसरा घेतला, अठराशे एकोणनव्वदचा. त्यात मूळ पुरुषाचे तीन मुलगे होते. रेवणप्पा, शिवलिंगप्पा आणि आप्पाराव. आप्पारावापुढं 'लावल्द' लिहिलेलं होतं. लावल्द म्हणजे ज्याला मूलबाळ नाही तो.

तिसरा कागद एकोणीसशे पंचवीसचा. त्यात रेवणप्पाच्या मुलांची नावं. मल्लप्पा, गुरलिंगप्पा आणि मुंजाजी. मुंजाजीपुढं पुन्हा लावल्द.

माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. लिंगायताच्या घरात आप्पाराव एक वेळ चालून जाईल, पण मुंजाजी? आणि दर पिढीला तिसरा, आणि दर तिसरा लावल्द? कुठंतरी पाणी मुरत होतं.

"हे आप्पाराव कोण?" मी विचारलं.

"आसतील की आमचेच," बसवराज म्हणाला.

"तुमच्यात मुंजाजी नाव ठेवतात?"

"आता जुन्या लोकांचं आमाला काय ठावं, मुन्शीजी? तुमी वाचायचं, आमी ऐकायचं."

केदारनाथ माझ्याकडं बघून हसला. ते हसणं मला आवडलं नाही. खोटे वारस घुसवून कुणाचा तरी वाटा गिळलेला असणार आणि आता तो लपवायला मला आणलेलं असणार, असा मी अंदाज बांधला.

तरी काम ते काम. वाचलं तेवढ्याची कच्ची वंशावळ उतरवली. मूळ पुरुषापासून खाली येत येत बसवराज आणि केदारनाथपर्यंत. संपल्यावर सवयीनं त्याच ओळीत पुढं माझं नाव घातलं, उत्तरेश्वर मुन्शी, केज. आमच्या धंद्यात लिहिणाऱ्यानं शेवटी नाव घालायचीच रीत आहे. वडिलांनी हात धरून शिकवलेली गोष्ट, ती करताना कुणी विचार करत नाही.

मग जेवण झालं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. महादेवीबाईंनी स्वतः वाढलं. कच्चा कागद तलाठ्याला दाखवायला बसवराजकडं ठेवला, आणि सर्वांत जुना कागद घरी नेऊन उलगडू का म्हणून विचारलं.

"न्या की," बसवराज लगेच म्हणाला.

कागद घराबाहेर काढत नाही म्हणणारा माणूस दीडशे वर्षांचा कागद परक्याच्या पिशवीत घालू देतो, हे मला एसटीत बसल्यावर खटकलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी मी ओल्या फडक्याच्या वाफेवर घड्या सोडवल्या. अठराशे अठ्ठावन्नच्या त्या कागदात मूळ पुरुषाचे दोनच मुलगे होते. रेवणप्पा आणि शिवलिंगप्पा. मग आप्पाराव आले कुठून? ओळ तशीच पुढं गेली होती आणि तिच्या शेवटी आप्पारावांचं नाव होतं. पण ते भाऊ म्हणून नव्हतं. तो कागद लिहिणाऱ्याचं नाव होतं.

मी मोठ्यानं हसलो. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. शब्द तुटत नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. शेवटच्या वारसाला चिकटून लिहिणाऱ्याचं नाव येतं. पुढच्या लिहिणाऱ्यानं घाईत तो तिसरा भाऊ धरला आणि पोरंबाळं दिसेनात म्हणून लावल्द करून टाकला. मग आठवलं, एकोणनव्वदच्या कागदातही ओळीच्या शेवटी, मल्लप्पा आणि गुरलिंगप्पाच्या मागोमाग, मुंजाजीचं नाव होतं, आणि तो कागद लिहिणारा तोच होता. त्यालाही पुढच्यानं तसाच भाऊ केला. आणि पंचवीसचा कागद लिहिणारा सुंदरराव. त्याच्यानंतर कागद झालाच नाही, म्हणून तो बिचारा वाचला.

"मंगल, इकडं ये," मी हाक मारली. "दीडशे वर्षांची चोरी पकडली तुझ्या बापानं. आणि ती चोरीच न्हाई, चूक हाय."

मंगल आली, ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली आणि आत गेली. एरवी ती शंभर प्रश्न विचारते. परीक्षेचा ताण असेल, म्हटलं.

संध्याकाळी जेवायला बसलो तर दोनच ताटं मांडलेली होती.

"माझं ताट?" मी म्हणालो.

मंगल ताटांकडं बघत राहिली. वत्सलानं तिला खडसावलं, "ध्यान कुटं हाय तुझं?" आणि तिसरं ताट आणायला उठली. पण उठण्याआधी क्षणभर वत्सलानंही दोन ताटांकडं पाहिलं होतं, हिशेब बरोबर असल्यासारखं. ते मी पाहिलं आणि मला उगाचच राग आला.

४

आठ दिवसांनी समाध्यांचा नकाशा काढायला वडगावला गेलो. वंशावळीतल्या नावांशी समाध्या जुळवायच्या होत्या. केदारनाथ बरोबर आला. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन चांगलं होतं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, वाटेवर एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

जागा स्वच्छ होती. काळ्या दगडाचे चौथरे, त्यावर लिंग, पुढच्या अंगाला नाव कोरलेलं. मी वहीत खुणा करत चाललो. मूळ पुरुष. रेवणप्पा. शिवलिंगप्पा. त्यांच्या शेजारी आप्पाराव.

मी थांबलो. "हा दगड कुणी बसवला?"

"घरच्यांनी."

चुकीच्या कागदावरून कुणीतरी नंतर दगड बसवला असेल, असं मनाशी म्हटलं. पुढं मल्लप्पा, गुरलिंगप्पा आणि मुंजाजी. तेही तसंच, म्हटलं. कागदात नाव आलं म्हणून दगड आला. माणसं कागदावर काय वाट्टेल ते करतात.

त्याच्या पुढच्या रांगेत बसवराजच्या आजोबांचा चौथरा, त्यांच्या भावाचा चौथरा, आणि तिसरा. नाव वाचायला मला खाली वाकावं लागलं. सुंदरराव.

सुंदरराव कुठल्याच कागदात भाऊ नव्हता. त्याच्यानंतर कागदच झाला नव्हता. त्याच्याबाबत चूक करायला कुणी लिहिणाराच उरला नव्हता. मी तसाच वाकून राहिलो. मी भ्यालो होतो, हे कबूल करतो.

"हे कोण?" मी विचारलं.

"घरचेच की."

"केदारनाथ, सरळ सांगा. हे कोण होते?"

"कागद लिव्हायला आलते," तो म्हणाला. "राह्यले."

"राहिले म्हणजे? यांना घरदार नव्हतं?"

"आसंल. कुनी न्यायला आलं न्हाई." त्यानं चौथऱ्यावरचा पाला हातानं झाडला. "आमच्यात मयताला बसवून पुरत्यात, मुन्शीजी. खड्डा बी त्येच्याच पावलानं मोजायचा. नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद. परक्याला कोन इतकं करतंय?"

शेवटच्या रांगेत त्यांच्या वडिलांची समाधी होती. तिच्यापुढं तीन जागा साफ केलेल्या होत्या. गवत उपटून, दगड वेचून, सारख्या अंतरावर. दोन भावांना तीन जागा कशाला, हे मी विचारलं नाही.

५

मला माझा कच्चा कागद परत पाहिजे होता. एवढंच डोक्यात होतं. त्यावर माझं नाव होतं, ओळीला चिकटून, दोन भावांच्या मागोमाग. मी तडक घरी गेलो. बसवराज दुकानात साखर तोलत होता.

"तो कच्चा कागद द्या. चूक राहिलीय," मी म्हणालो.

"घ्या की," तो म्हणाला आणि गल्ल्याखालून काढून दिला. एकदाही का म्हणून विचारलं नाही. मी तिथंच त्याचे तुकडे केले. त्यानं नुसतं बघितलं आणि साखरेची पुडी बांधली.

"तलाठ्यानं नक्कल करून घेतलीय तसंबी," तो म्हणाला. "जेवून जावा. आई थांबलीया."

मला निघायचं होतं. पण आतून महादेवीबाईंची हाक आली, "आलास का रं बाळा? उनाचं कशाला हिंडतूस?" आणि माझे पाय आत वळले. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी बाळा म्हटलं नव्हतं.

माजघरात तीन ताटं मांडली होती. मधल्या ताटात मिरचीचा ठेचा नव्हता, शेंगदाण्याची चटणी होती. मला पित्ताचा त्रास आहे. हे मी या घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"आजी," मी म्हणालो, "मी परका माणूस. काम संपलं की जाणार."

म्हातारी माझ्याकडं लेकाकडं बघावं तसं बघत राहिली. "आमच्या घरची समदी नावं तुला ठावं हायेत," ती म्हणाली. "माज्या लेकरांना बी येवढी येत न्हाईत. ज्येला समदी नावं ठावं, त्यो परका कसा?"

मी ताटावरून उठलो. बाहेर ओसरीवर केदारनाथ उकिडवा बसला होता. त्याच्या हातात पांढऱ्या सुताचा दोरा होता आणि तो माझ्या चपलेवर धरून त्याला गाठ मारत होता. मी आल्याचं पाहून त्यानं चप्पल नीट, दोन्ही पायांची जोडीनं ठेवली.

"धाकल्या काकाची चप्पल लई झिजलीया," शिवांजली म्हणाली.

मी जवळजवळ पळतच एसटीच्या थांब्यावर गेलो. दोऱ्याला किती गाठी होत्या ते मी मोजलं नाही. पण बऱ्याच होत्या.

६

चावडीत पंचांसमोर वंशावळ वाचून दाखवायची तारीख लागली. मी गेलो नसतो. पण नक्कल तलाठ्याकडं होती आणि तिच्यावरचं माझं नाव सगळ्यांसमोर खोडून घेतल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. तेवढ्यात घरी आणखी काही घडलं होतं. मंगलचा बोर्डाचा फॉर्म भरायचा होता, आणि पालकाची सही कुणाची घ्यायची हे तिनं शेजारच्या बाईंना विचारलं होतं. मी घरातच होतो.

चावडीत पाच पंच, दोघं भाऊ आणि तलाठी. तलाठी अनोळखी, नवा. मी तोंड उघडायच्या आत त्यानं वाचायला सुरुवात केली. रीत अशी की मेलेल्यांची नावं नुसती वाचायची आणि जिवंत माणसानं आपलं नाव आलं की 'हाय' म्हणायचं. मी हे शेकडो वेळा ऐकलंय, शेकडो वेळा स्वतः वाचलंय.

तो मूळ पुरुषापासून खाली आला. रेवणप्पा. मल्लप्पा. बसवराजचे आजोबा, वडील. एकसुरी वाचन, बाहेर कुणाच्या तरी मोटरचा आवाज. माझी मान पेंगत होती, गेल्या काही दिवसांत मला झोप नव्हती.

"बसवराज."

"हाय."

"केदारनाथ."

"हाय."

"उत्तरेश्वर."

"हाय," मी म्हणालो.

सवय हो. दुसरं काय? आपलं नाव घेतलं की माणूस ओ देतो.

"लावल्द," तलाठ्यानं पुढं वाचलं आणि कागद उलटला.

मी ताडकन उभा राहिलो. "लावल्द नाही! मला मुलगी आहे. आणि मी यांचा कुणी नाही, मी लिहिणारा आहे, केजचा मुन्शी. हे नाव खोडा."

तलाठ्यानं चष्म्यावरून बघितलं. "मुलींचा कायदा मला बी ठावं हाय. मुलगी आसती तर लिव्हली आसती की. अक्षर तुमचंच हाय ना?"

मी नक्कल हातात घेतली. ती नक्कल नव्हती. माझ्या अक्षरातला कागद होता, माझ्या शाईचा, फाडलेल्यासारखा नव्हे, अख्खा. लावल्द हा शब्दही माझ्याच वळणाचा होता. तो मी लिहिला नव्हता. लिहिला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो, आणि तरी तो लिहिताना 'ल्द'ची शेपटी मी कशी ओढतो ते मला तिथं दिसत होतं.

"मंडळी," तलाठी पंचांना म्हणाला, "वाचून दाखवलं. बरोबर हाय?"

"बरोबर हाय," पाचही जण म्हणाले.

बसवराजनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल रं घरी," तो म्हणाला. मुन्शीजी नाही, तुमी नाही. मोठा भाऊ धाकट्याला म्हणतो तसं.

७

मी वडगावच्या घरी गेलो नाही. मिळेल त्या जीपनं केजला आलो. वाटेत एकच विचार होता, ट्रंकेतला कागद. त्यावर माझ्या नावाखाली लाल शाईनं मंगल आहे. तो घ्यायचा, तलाठ्याच्या तोंडावर मारायचा. जगात कुठल्याही कागदाला दुसरा कागदच उत्तर देतो.

दुपारचे चार वाजले असतील. दार उघडंच होतं. मंगल सोप्यात पाटावर फॉर्म ठेवून लिहीत होती. पालकाच्या सहीच्या जागी वत्सलाचा अंगठा उठला होता, शाई अजून ओली होती. वडिलांच्या नावाचा रकाना तिच्या मनगटाखाली झाकलेला होता. त्या एका मनगटाशिवाय मला दुसरं काही दिसेना. हात थोडा सरकला असता तर मी वाचलं असतं. तो सरकावा असं मला वाटत होतं, आणि सरकू नये असंही वाटत होतं.

"मंगल," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. ती घाबरली नाही, चिडलीही नाही. ओळखीच्या माणसाला पाहून पोरी हसतात तशी हसली, अदबीनं. ओढणी सारखी केली.

"आई," तिनं आत हाक दिली, "वडगावचे काका आलेत."

आत भांड्यांचा आवाज थांबला. वत्सला डोक्यावर पदर घेत दारापर्यंत आली आणि दाराआडच उभी राहिली. परक्या पुरुषासमोर ती नेहमी उभी राहते तशी.

"माझी ट्रंक," मी म्हणालो. "ट्रंकेत एक कागद आहे. लाल शाईचा."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग मंगल उठली, माठातलं पाणी फुलपात्रात घातलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. पाणी घेताना मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. कपाळ माझ्या आईचं आहे तिला. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

"बसा की, काका," ती म्हणाली. "वडगावची गाडी साडेपाचला हाय. टाइम हाय आजून."